चौकटीतले हे

“पालकर बाई, ह्या चौकटीत तुम्ही नुसतं ‘हे’ लिहिलंय. हे म्हणजे काय?”

किणीकर मॅडमनी माझा कागद वर धरून सगळ्या वर्गाला दाखवला. पॉलिटेक्निकच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी आम्ही कराडातले छोटे धंदेवाले बसायचो. बेकरीवाला, ग्रिलवाला, पेव्हर ब्लॉकवाले शिकलगार आणि बायकांत मी एकटी. धंद्यातलं काम कागदावर कसं मांडायचं आणि मग ते सुधारायचं कसं, हे शिकवायला मॅडम पुण्याहून येत.

“हे म्हणजे… हे,” मी म्हणाले.

“तेच विचारतेय. कुठलं काम?”

“काम नाही हो मॅडम. हे. आमचे हे.”

शिकलगार मागच्या बाकावरून एवढ्यांदा हसले की त्यांना ठसका लागला. “मॅडम, उखाणा घ्यायला सांगा! नवऱ्याचं नाव चौकटीत बसवून देतील.”

मॅडमही हसल्या, पण कागद त्यांनी खाली ठेवला नाही. “पण बाई, हे इथंही आहेत. आणि इथंही. ऑर्डर घेणार हे, गाडीला सांगणार हे, रिकामे सिलिंडर परत आले का बघणार हे. एक दिवस हे तापानं झोपले तर?”

“हे झोपत नाहीत,” मी म्हणाले. पुन्हा हशा झाला.

मग मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, की चौकटीत काम लिहायचं, माणूस लिहायचा नाही. “माणूस लिहिला की आपण दोष काढायला लागतो,” त्या म्हणाल्या. “आपल्याला पायरी सुधारायचीय, माणूस नाही.”

मला ते फार आवडलं. माझं लग्न झालं त्या दिवसापासून मी उलटंच करत आले होते.

आमची एजन्सी ऑक्सिजनची. पालकर गॅसेस. थोडे सिलिंडर वेल्डिंगवाल्यांना जायचे, बाकीचे दवाखान्यांना आणि घरोघरच्या आजाऱ्यांना. दम्याची, फुप्फुसाची माणसं. त्यांच्या खाटेशेजारी आमची टाकी उभी असायची. दुकानात तीनच माणसं. काउंटरला हे, टेम्पोवर इलाही मुलाणी, आणि मागच्या टेबलाला मी. मी मॅट्रिक. पुढचं जे काही आलं ते दुकानात बसून, विचारून आणि चुकून आलं.

ह्यांची ख्याती अशी, की कुठल्या घरची टाकी कधी बदलली आणि आता कितपत उरली असेल ते ह्यांना तोंडपाठ. दुकानात काही लिहून ठेवायची पद्धतच नव्हती. लोक फोन करायचे, हे ऐकून घ्यायचे, आणि शेवटी एकच वाक्य म्हणायचे, “सांगून ठेवलंत ना? मग झालं.” ते वाक्य ऐकलं की लोक निर्धास्त फोन ठेवून देत. पावती वगैरे नंतरची गोष्ट.

पण त्या वर्षी काहीतरी बिनसलं होतं. हाडांच्या दवाखान्यात गाडी एका दिवसात दोनदा गेली आणि ओगलेवाडीला गेलीच नाही. एका ठिकाणी माणूस जाऊन महिना झालेला, तिथं आम्ही भरलेली टाकी घेऊन दारात उभे. हे म्हणायचे, इलाहीचं हल्ली लक्ष नसतं. इलाही मान खाली घालून ऐकून घ्यायचा. मग एका नर्सिंग होमचे डॉक्टर स्वतः दुकानात आले. आवाज न चढवता म्हणाले, “पालकर, पुन्हा असं झालं तर मला दुसरीकडे बघावं लागेल. माझे पेशंट तुमच्या भरवशावर श्वास घेतात.”

त्या रात्री हे जेवले नाहीत. आणि त्या शनिवारपासून मी वर्गाला जायला लागले.

“जा, शिकून ये,” हे म्हणाले. “मग मला शिकव. तुझ्या हाताखाली बसतो.”

मॅडमनी सांगितलं होतं, आधी विचारा, मग मांडा. म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन काउंटरच्या पलीकडे, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले.

“फोन आला की तुम्ही काय करता?”

“हॅलो म्हणतो.”

“मग?”

“मग ते बोलतात.”

“मस्करी नको हं. मग?”

“मग ध्यानात ठेवतो.”

मी चौकट काढून आत लिहिलं, ध्यानात ठेवणे. माणूस नव्हता, काम होतं. मॅडमच्या नियमात बसत होतं.

“ठेवता कुठं?”

“आता कुठं म्हणजे? डोक्यात. फडताळ आहे होय ते, कुठल्या कप्प्यात विचारायला?” असं म्हणून त्यांनी माझ्या हातातला कागद ओढून घेतला. “आणि हे शंकरपाळ्यासारखं काय काढलंयस?”

“ते ठरवायचं ठिकाण. होय असलं तर इकडे, नाही असलं तर तिकडे.”

“छान आहे. घरी पण लाव. होय तिकडे, नाही पण तिकडेच.”

असे होते हे. मी काढलेल्या कागदांचं त्यांना कौतुक होतं. आल्यागेल्याला दाखवायचे, “आमच्या मंडळींनी दुकानाचा नकाशा काढलाय बघा.”

मॅडमनी मात्र त्या चौकटीवर बोट ठेवलं. “ध्यानात ठेवणे ही पायरी नव्हे, बाई. हा भरवसा झाला. इथं फळा लावा.”

मी काउंटरमागे फळा लावला. सुरुवातीला ह्यांनी त्यावर सुरेख अक्षरात नावं लिहिली. मग खडू तसाच पडून राहायला लागला. कधी एकच नाव दोनदा, कधी नुसतं गावाचं नाव, कधी काहीच नाही. विचारलं तर म्हणायचे, “हात पांढरे होतात.” मला वाटलं, पुरुषमाणूस आहे, बायकोनं लावलेल्या फळ्यावर लिहायला जड जात असेल. मग मी टाक्यांच्या मानेला रंगीत पट्ट्या बांधल्या. मलकापूरची लाल, ओगलेवाडीची हिरवी. मग भरलेल्या एका भिंतीला, रिकाम्या समोरच्या भिंतीला. प्रत्येक वेळी थोडा गोंधळ कमी व्हायचा. प्रत्येक वेळी थोडा उरायचा, आणि तो नेमका काउंटरच्या फोनपाशीच उरायचा. खोलीतला पसारा आवरत जावा आणि मग भिंतीतली भेग दिसायला लागावी, तसं चाललं होतं. पण भेग बघायला गेले नव्हते ना मी. मी पसारा आवरायला गेले होते.

पुढचा धडा होता फुकट जाणाऱ्या श्रमाचा. एकच काम दोनदा होत असेल तर ते शोधा, मॅडम म्हणाल्या. मी इलाहीला बसवून त्याच्या सकाळची पायरी न् पायरी विचारली. तो गाडी काढायच्या आधी स्वतःच्या मोबाइलवरून घरोघरच्या लोकांना फोन करायचा. मी ते जसंच्या तसं कागदावर काढलं आणि ह्यांच्यापुढे ठेवलं. इलाही टाक्यांना साखळी लावत तिथंच उभा होता.

“हे काय?” ह्यांनी चष्मा वर केला. “इलाही, तू गिऱ्हाइकांना फोन करतोस?”

“निघायच्या आधी विचारतोय मालक. रस्ता चुकायला नको.”

“जन्म गेला ह्या रस्त्यांवर. आता चुकतोस?”

“वय झालं, मालक.”

इलाही ह्यांच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान.

ह्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि त्या चौकटीवर काट मारली. “गिऱ्हाइकानं मला सांगून ठेवलंय. मी ऐकलंय. तू परत विचारलंस तर त्याला वाटणार, पालकरांच्यात कुणाला कान नाहीत. आजपासून बंद.”

“ऱ्हाऊ दे की मालक. माझ्या फोनवरनंच करतोय.”

“बंद म्हटलं ना?”

इलाहीनं माझ्याकडं पाहिलं. मी बोलेन असं त्याला वाटलं असावं. मला वाटलं, त्याचा मान दुखावला. शाळेत जसा मॉनिटरच्या हातातला खडू काढून घेतला की तो बघतो, तसा तो मला दिसला. मी म्हणाले, “इलाही, तुझाच वेळ वाचेल.”

“व्हय वैनी,” तो म्हणाला आणि साखळी ओढत गाडीकडं गेला.

पुढच्या शनिवारी मॅडमनी सांगितलं, आता एक सकाळ नुसतं बसून बघा. बोलू नका, हात लावू नका. परक्याच्या घरी पाहुणे म्हणून गेल्यासारखं बघा. म्हणून सोमवारी मी पावट्याच्या शेंगा सोलायला घेऊन दुकानात काउंटरशेजारी बसले. हात रिकामे असले की मला गप्प बसता येत नाही.

सकाळी पहिला फोन मलकापूरहून आला. वाघमोडे गुरुजींच्या घरून. गुरुजींनी ह्यांना चौथीत शिकवलेलं. आता फुप्फुसं निकामी होत आली होती आणि आमच्या टाकीवर दिवस चालले होते. फोन त्यांच्या बायकोचा, आक्कांचा.

“बोला आक्का,” हे म्हणाले. “गुरुजींची संपत आली? बरं बरं. धाडतो लगेच. सांगून ठेवलंत ना? मग झालं.”

फोन ठेवला. पेपर उघडला. फळ्याकडं पाहिलं नाही. मी शेंग सोलली.

थोड्या वेळानं इलाही आला. “मालक, आज काय काय?”

“नर्सिंग होमला तीन. हाडांच्या दवाखान्यात दोन.”

इलाही जरा रेंगाळला. “आनि?”

“आणि काय? एवढंच.”

गाडी बाहेर पडली. मला वाटलं, ह्यांनी मलकापूर दुसऱ्या खेपेला ठेवलं असेल, काही हिशेब असेल. तरी न राहवून मी विचारलंच, “गुरुजींची नंतर पाठवताय का?”

“गुरुजींची काय?”

“टाकी. आक्कांचा आत्ता फोन नाही का आला?”

हे माझ्याकडं बघत राहिले. मस्करी करताना ह्यांची डावी भुवई हलायची. ती हलली नाही.

“आज फोन कुठं आलाय, शालन?” हे म्हणाले. “मी कधीचा पेपर वाचतोय.”

आणि त्यांनी मला पेपर दाखवला. खरंच वाचत होते म्हणून.

माझ्या मांडीवरचं ताट घसरलं. दाणे फरशीभर पळाले. हे वाकून ते गोळा करायला लागले, “अगं हळू, हळू,” म्हणत. मी त्यांच्या डोक्यावरून हात लांबवून फोन ओढला आणि आक्कांना लावला.

“आक्का, काटा कुठं आहे?”

“पार खाली गं. काल सकाळी सांगून ठेवलंय, काल संध्याकाळी सांगून ठेवलंय. आज परत आठवण केली. पाठवलीस का?” मागून श्वासाचा आवाज येत होता, करवत चालल्यासारखा. “रोज इलाही विचारायचा, आता त्याचाही फोन नाही. लवकर कर गं, शालन.”

इलाही अजून कोल्हापूर नाक्याच्या आतच होता. मी फोनवर नुसतं “मलकापूर” म्हणाले. तो दुसरं काही न विचारता “चौकात या” म्हणाला. मी चालत्या गाडीत चढले म्हटलं तरी चालेल. नर्सिंग होमच्या टाक्यांतली एक आम्ही मलकापूरला वळवली. वाटेत इलाहीनं हॉर्नवरचा हात काढला नाही.

गुरुजी खिडकीशी टेबलावर दोन्ही हात रोवून बसले होते. खांदे वर खाली होत होते, ओठ जांभळ्या शाईत बुडवल्यासारखे. आक्का त्यांच्या पाठीवर हात फिरवत होत्या आणि तोंडानं “आली, आली” म्हणत होत्या. आम्ही दारात दिसायच्या आधीपासून म्हणत असाव्यात. इलाहीनं टाकी आत घेतली, पाना लावला, जोड बसवला. जोडाखालच्या बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे आले. त्यानंतर बराच वेळ त्या खोलीत आम्ही चौघंही फक्त त्या बुडबुड्यांकडं बघत होतो.

गुरुजींना बोलता आलं तेव्हा ते पहिलं म्हणाले, “श्रीरंग… बरा आहे ना?”

“बरे आहेत,” मी म्हणाले.

“पाढे म्हणायला… उभा केला की… त्याला थांबवावं लागायचं.”

आक्का मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. पाणी दिलं. “तुला राग येईल म्हणून आजवर बोलले नाही,” त्या म्हणाल्या. “श्रीरंगला दाखव कुणाला तरी.”

परतताना कोल्हापूर नाक्याअलीकडं इलाहीनं गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

“वैनी, बोलू?”

“बोल.”

“गेल्या गणपतीपासनं चाललंय हे. एक दिवस मालकांनी मला शनिवार पेठेतल्या दवाखान्याला टाकी न्यायला लावली. तो दवाखाना बंद हून जमाना झाला. मला वाटलं मस्करी करत्यात. मग दुसऱ्या दिवशी परत तेच सांगितलं.” तो समोरच्या काचेकडं बघून बोलत होता. “मग मी ठरवलं, आपुनच विचारायचं. सगळ्यांना सांगून ठेवलं. दवाखान्याच्या स्टोअरवाल्याला, आक्कांना, ओगलेवाडीच्या मावशींना. म्हटलं, मालकांना सांगत जावा, त्यांना बरं वाटतं. पन मागनं मला बी सांगा. मालकांना कळू देऊ नका.”

“आणि चुका झाल्या तेव्हा तू बोलणी खाल्लीस.”

“त्याला काय हुतंय.”

“मला का नाही सांगितलंस, इलाही?”

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. “तुमच्या डोळ्यापुढंच तर असत्यात की दिसभर. मला वाटलं, तुमी बी झाकताय.”

शेजारून एक उसाची गाडी गेली. ह्यांना मी महिनोन् महिने चौकटी काढून दाखवल्या होत्या. सासूबाईंना जाऊन वर्ष उलटलं होतं, आणि परवा ह्यांनी विचारलं होतं, “आईनं औषध घेतलं का?” मी म्हणाले होते, “घेतलं,” आणि भाजीला फोडणी टाकली होती. झोपेत असतील, म्हटलं. सकाळी नऊला.

त्या आठवड्यात मी दुकानाचा खरा कागद काढला. इलाहीनं सांगितलं तसा. मावशी इलाहीला सांगतात, स्टोअरवाला इलाहीला सांगतो, इलाही डॉक्टरांच्या नर्सला विचारून घेतो, चुकून दोनदा गेलेली टाकी गुपचूप तिसरीकडं पोचवतो. मधोमध एक चौकट, ध्यानात ठेवणे. तिच्यात बाण जात होते सगळीकडून, पण निघत नव्हते. खरं काम सगळं तिला वळसा घालून चाललं होतं, ओढ्यातलं पाणी दगडाला टाळून जातं तसं. इतकी माणसं इतकं सांभाळून वागत होती की मला तो कागद काढताना मधेच थांबावं लागलं.

शनिवारी मॅडमनी तो हातात घेतला आणि ह्या वेळी वर्गाला दाखवला नाही. माझ्या बाकाजवळ येऊन बसल्या.

“ही इलाहीच्या फोनची पायरी कुणी कापली होती?”

“ह्यांनीच.”

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. मधल्या चौकटीवर बोट टेकवलं. मग फार हळू म्हणाल्या, “पालकर बाई, हे कधीपासून?”

मला कळेना, त्या दुखण्याबद्दल विचारतायत की माणसाबद्दल. दोन्हींना माझ्याकडं एकच शब्द होता. मागून शिकलगार काहीतरी बोलायला आले होते. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि पाण्याची बाटली पुढं ठेवून गेले.

मिरजेच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, दुखण्याचं नाव सांगितलं, आणि मला एकटीला आत बोलावून म्हणाले, “हे वाढत जाणार. आता ह्यांच्यावर कुणाच्या जिवाची जबाबदारी ठेवू नका.” बाहेर हे बाकावर बसून एका म्हातारीला तिच्या घरची बस कुठून सुटते ते समजावत होते. अगदी बरोबर समजावत होते.

काम काढून घ्यायचं, हे ठरलेलंच होतं. गुरुजींचे ओठ पाहिल्यावर ठरवायचं काही राहिलं नव्हतं. पण सांगायचं कसं? ज्या माणसाला सगळं कराड सांगून ठेवतं, त्याला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मुलगी सासरी मंगळवेढ्याला. ती फोनवर नुसती रडली. इलाही म्हणाला, “वैनी, मी नाही. मला नका सांगू ते.”

शेवटी मी कागदच पुढं केला. दुपारी उन्हं उतरली होती, दुकानात कुणी नव्हतं.

“आणलंस काय नवीन?” ह्यांनी चष्मा लावला. कागद काउंटरवर सरळ केला आणि नेहमीसारखं बाणांवरून बोट फिरवायला लागले. फोन. गाडी. मलकापूर. बोट मधल्या चौकटीशी आलं आणि थांबलं. परत मागं गेलं, दुसऱ्या बाणावरून आलं, पुन्हा तिथंच थांबलं.

“इथं अडतंय,” हे म्हणाले.

“हो.”

“सगळे हिला वळसा घालून चाललेत.”

“हो.”

“मग ठेवलीस कशाला? काढून टाक.”

“काढू?” मी विचारलं.

“अगं, लोकांचा श्वास आहे. खेळ आहे होय?” त्यांनी पेन्सिल उचलली, चौकटीवर नेली, आणि तशीच धरून ठेवली. मग माझ्या हातात दिली. “तूच काढ. तुझा नकाशा आहे. आणि फोनचा बाण तुझ्या टेबलाकडं वळव.”

मी चौकटीवर रेघ मारली. रेघ वाकडी आली.

“त्याला हाकलू मात्र नको,” हे म्हणाले. “बसू दे काउंटरला. आल्यागेल्याला चहा विचारील. जुना माणूस आहे.”

त्या चौकटीत मी कुणाचं नाव लिहिलं नव्हतं. मी वर पाहिलं, पण हे चष्मा काढून रुमालानं पुसत होते, आणि रस्त्याकडं बघत होते. पुढं कधी तो विषय आमच्यात निघाला नाही. काढायचा म्हटलं तरी ह्यांना कळण्याजोगे दिवस फार उरले नव्हते.

फोन माझ्या टेबलावर आला. मी घेते, लिहिते, वाचून दाखवते, मग ठेवते. पहिल्या आठवड्यात लोक बुजायचे. “मालक नाहीत का?” विचारायचे. आहेत की, समोरच आहेत, मी म्हणायचे. हे लांबूनच हात करायचे. दुकानात येणाऱ्याला चहा मिळायला लागला. काहींना दोनदा मिळायचा. कुणी नाही म्हणालं नाही. सगळे दुसऱ्यांदाही पहिल्यासारखा प्यायले. आणि मला सांगायला हवं म्हणून सांगते, त्यानंतर एकही टाकी चुकली नाही. नर्सिंग होमचे डॉक्टर येऊन म्हणाले, “बाई, छान बसवलंत.”

गुरुजी उन्हाळ्याच्या तोंडाशी गेले. झोपेतच गेले, नळी नाकाशी होती. तेरा दिवस झाल्यावर आक्कांचा फोन आला.

“शालन, टाकी घेऊन जा गं. भरलेलीच आहे. बदलली आणि त्याच रात्री हे गेले. बघवत नाही तिच्याकडं.”

हे म्हणाले, मीही येतो. टेम्पोत पुढं तिघं दाटीवाटीनं बसलो, हे मधे. मलकापूरच्या घरी पोचल्यावर हे आक्कांसमोर सतरंजीवर बसले. आक्काच बोलत होत्या. गुरुजी शेवटी काय म्हणाले, कुणाकुणाची आठवण काढली. हे मान हलवत होते. कुणाबद्दल चाललंय हे त्यांना कितपत कळत होतं, मला सांगता येणार नाही. पण मान जिथं हलायला हवी तिथंच हलत होती.

इलाही टाकी काढायला आतल्या खोलीत निघाला तसे हे उठले. “थांब, तू पाठ धरून बसशील,” म्हणाले आणि त्याच्या पुढं गेले. इलाहीनं माझ्याकडं पाहिलं. मी मानेनं राहू दे म्हटलं.

ह्यांनी नळी सोडवली. जोड काढला. टोपी फिरवून घट्ट केली. एक हात टोपीवर ठेवून टाकी जराशी कलती केली आणि दुसऱ्या हातानं तिला तळाच्या कडेवर फिरवत, गोल गोल, दारातून, ओसरीतून, दोन पायऱ्या उतरून अंगणात आणली. कुठं ठेचकाळली नाही, कुठं आवाज झाला नाही. माझ्या लग्नाआधीपासूनचे ते हात होते, त्यांना कुणाला विचारायची गरज नव्हती. इलाहीनं वर ओढून घेतली. ह्यांनी साखळी लावली, ओढून बघितली, आणि हात झटकले.

मग बोटाच्या पेरानं टाकी वाजवून पाहिली. आणि अगदी पूर्वीच्या आवाजात, काउंटरमागून बोलायचे तशा आवाजात म्हणाले, “इलाही, भरलेली आहे ही. कुठं पोचवायचीय?”

इलाही स्टिअरिंगमागे जाऊन बसला. आक्का दारात उभ्या होत्या.

“घरी,” मी म्हणाले.

“घरी?” हे माझ्याकडं वळले. कपाळावर आठी पडली. खरीखुरी काळजी वाटली की पडायची, तशी. “घरी कोण आजारी आहे?”

“चला, बसा तुम्ही,” मी म्हणाले, आणि आधी चढून मधे सरकले, त्यांना खिडकीकडची जागा दिली.